वर्षाचा मानकरी : कबड्डीतील व्यक्तिगत सन्मानाचा इतिहास

सांघिक खेळात एका खेळाडूस वेगळे काढून त्याच्या गळ्यात वर्षभराच्या श्रेष्ठत्वाची माळ घालावी की नाही, याविषयी जाणकारांत पूर्वापार दोन पक्ष आहेत. आणि दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य असल्यामुळे हा वाद अद्याप मिटलेला नाही. जो विजय सर्वांच्या श्रमाचा, त्याचा मान एकट्याला का, असे एक पक्ष विचारतो. तर ज्याच्या एका चढाईने हातचा गेलेला सामना परत आला, त्यास इतर सहा जणांच्या ओळीत निमूटपणे उभे करणे हा न्याय कोणता, असा दुसऱ्या पक्षाचा सवाल असतो. कबड्डीच्या बाबतीत या वादास विशेष धार चढते. कारण मध्यरेषा ओलांडून परक्या अंगणात शिरणारा चढाईपटू त्या तीस सेकंदांपुरता सर्वस्वी एकाकी असतो, त्याचा दम, त्याची नजर आणि त्याचे पाय यांखेरीज त्याला कोणाचेही साहाय्य नसते; परंतु तोच परत फिरला की त्याने आणलेला गुण संघाचा होतो, आणि तो बाद झाला तर त्यास पुन्हा अंगणात आणण्याची जबाबदारीही संघावरच येऊन पडते. एकट्याच्या पराक्रमाची आणि सर्वांच्या परस्परावलंबनाची अशी सांगड ज्या खेळात आहे, त्यात व्यक्तिगत सन्मानाची प्रथा कशी उगवली, तिला राजमान्यता केव्हा मिळाली आणि तिच्यात कोणते दोष राहून गेले, याची हकिकत पनवेलकरांच्या हाती पडणाऱ्या या स्मरणिकेत नमूद असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

कबड्डीस नियमांची शिस्त लागली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. तत्पूर्वी हुतूतू या नावाने हा खेळ महाराष्ट्रात गावोगाव खेळला जात होता, परंतु बाद झालेला गडी पुन्हा खेळात यावा की न यावा याविषयीसुद्धा प्रांतोप्रांती निरनिराळे शिरस्ते होते. कोठे संजीवनीचा प्रकार रूढ होता, कोठे गामिनीचा, कोठे अमरचा. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून अखिल भारतीय स्वरूपाचे सामने भरविले, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी इतर देशी खेळांबरोबर कबड्डीचेही प्रात्यक्षिक दाखविले, १९५० साली अखिल भारतीय कबड्डी संघ स्थापन झाला आणि १९५२ साली मद्रास येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. या सगळ्या काळात पारितोषिक म्हणजे ढाल किंवा चषक, आणि तो संघाचा, हे इतके गृहीत होते की वैयक्तिक मानाचा विचार संघटकांच्या मसलतीत फारसा येत नसे. तालमींच्या आणि व्यायामशाळांच्या संस्कारात वाढलेल्या त्या पिढीला नाव मंडळाचे व्हावे, आपले नव्हे, असे मनापासून वाटत असे. ही वृत्ती उदात्त होती यात शंका नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की त्या काळच्या कित्येक असामान्य खेळाडूंची नावे आज कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत, ती केवळ वृद्धांच्या बोलण्यातून कानी येतात आणि त्या वृद्धांबरोबरच लुप्त होतात.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. पनवेल, उरण, पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात, म्हणजे ज्यास १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत आणि त्यानंतर रायगड जिल्हा म्हणू लागले त्या प्रदेशात, कबड्डीचे स्थान निव्वळ क्रीडाप्रकाराचे कधीच नव्हते. भाताची कापणी आटोपली, खाचरे कोरडी पडली, की आगरी, कोळी, कुणबी वस्त्यांतून मैदाने आखली जात. गावदेवीची जत्रा, हनुमान जयंती किंवा एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन हे सामन्यांचे निमित्त असे. माती पाणी मारून चोपली जाई, चुन्याच्या रेषा ओढल्या जात, आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सुरू झालेले सामने पहाटेपर्यंत चालत. संघ गावाचा असे, त्याचे नाव बहुधा ग्रामदैवताचे असे, आणि सामना हरला तर गावाची मान खाली जात असे. अशा ठिकाणी व्यक्तिगत बक्षिसाची प्रथा वरून हुकूम सुटून आलेली नाही. ती प्रेक्षकांच्या कौतुकातून आपोआप उगवली. एखाद्याने चौघांना बाद करून मध्यरेषा गाठली की कडेला बसलेला एखादा गावकरी उठून त्याच्या हातावर रोख रक्कम ठेवी, ध्वनिक्षेपकावरून त्या दात्याचे आणि त्या खेळाडूचे नाव एकदमच पुकारले जाई, आणि हीच खाजगी बिदागी पुढे आयोजकांच्या पत्रिकेत छापील बक्षीस होऊन बसली.

आज रायगडातील कोणत्याही स्थानिक स्पर्धेची पत्रिका उघडून पाहावी. पहिल्या चार संघांच्या रोख रकमा व चषक यांच्याखाली सर्वोत्कृष्ट खेळाडू, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड अशी बक्षिसे ओळीने मांडलेली दिसतील आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या जोडीला ‘पब्लिक हिरो’ हे एक बक्षीस असेल. प्रस्तुत लेखकाच्या मते या चार ओळींत आपल्या खेड्यांनी जो विवेक दाखविला आहे, तो पुष्कळदा शासकीय समित्यांनाही साधलेला नाही. चढाई करणारा डोळ्यांत भरतो, त्याचे गुण फलकावर एकेक करून चढतात, आणि त्यामुळे श्रेष्ठत्वाचा निर्णय करताना त्याचेच पारडे जड होण्याचा संभव असतो. उलट कोपऱ्यात दबा धरून बसलेला कोपरारक्षक, योग्य क्षणी घोट्यावर झेप घेऊन ज्याने प्रतिस्पर्ध्याचा उत्तम चढाईपटू बाहेर बसविला आणि अशा रीतीने पुढच्या पाच-सात चढायांचे भवितव्य ठरविले, त्याच्या खाती गुण पडतो एकच. हा अन्याय गावच्या पंचांनी ओळखला आणि चढाई व पकड यांची बक्षिसे वेगवेगळी केली. दोन्ही अंगांनी जो उजवा ठरला त्यास सर्वोत्कृष्ट म्हटले. आणि पंचांच्या मनात जे आले नाही पण लोकांच्या मनात जे भरले, त्यासही एक स्वतंत्र जागा ठेवली. जेथे निर्णयाचा अधिकार तज्ज्ञांचा आणि प्रेक्षकांचा असा दुहेरी मान्य केलेला आहे, तेथे तंटे कमी होतात. आणि झाले तरी ते त्या रात्रीपुरतेच राहतात.

राजदरबारी मात्र कबड्डीच्या खेळाडूस मान मिळण्यास पुष्कळ प्रतीक्षा करावी लागली. केंद्र सरकारने अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू केला. हॉकी, क्रिकेट, टेनिस, बुद्धिबळ इत्यादी खेळांना प्रथम वर्षापासूनच त्यात स्थान होते. कबड्डीचा पहिला अर्जुन मात्र १९७२ सालचा, आणि तो मुंबईच्या सदानंद शेट्ये यांना मिळाला. पुढल्याच वर्षी बंगालचे भोलानाथ गुईन यांची निवड झाली. १९७८-७९ च्या मानकऱ्यांत पुण्याच्या शकुंतला खटावकर, १९८०-८१ च्या मानकऱ्यांत पुण्याचेच शांताराम जाधव, आणि १९९४ साली राजू भावसार व अशोक शिंदे ही जोडी, अशी महाराष्ट्राची नामावली वाढत गेली. १९९६ साली नीता दडवे आणि २०१५ साली अभिलाषा म्हात्रे यांनी तीत भर घातली. भावसार आणि शिंदे यांच्या सन्मानामागे १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेची पार्श्वभूमी होती, कारण कबड्डीस पदकाचा खेळ म्हणून तेथेच प्रथम प्रवेश मिळाला आणि भारताने सुवर्णपदक मिळविले. एका गोष्टीची नोंद येथे खेदपूर्वक केली पाहिजे की, ज्या प्रांताने या खेळास नियम दिले, संघटना दिली आणि शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारखा संपूर्ण आयुष्य कबड्डीस वाहिलेला कार्यकर्ता दिला, त्या प्रांताचे खेळाडू या यादीत पुढे पुढे विरळ होत गेले आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिच्यावर हरियाणाचा ठसा उमटला. कारणे उघड आहेत. तेथे सैन्यदल, पोलिस व रेल्वे यांतील भरतीशी खेळ जोडला गेला, मातीवरून मॅटवर जाण्याची तयारी त्यांनी लवकर केली, आणि शरीरबळाच्या जोपासनेकडे अधिक लक्ष दिले.

महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार १९६९-७० पासूनचा. राज्याची स्थापना होऊन दहा वर्षे होत आली होती, आणि राज्याने आपल्या खेळाडूंचा गौरव आपल्या आराध्य पुरुषाच्या नावे करावा ही कल्पना सर्वांना रुचेल अशीच होती. स्मृतिचिन्ह, मानपत्र आणि रोख रक्कम असे त्याचे स्वरूप राहिले. कालांतराने खेळाडूंच्या जोडीला मार्गदर्शक, संघटक, साहसी क्रीडापटू व दिव्यांग खेळाडू यांच्यासाठी स्वतंत्र विभाग झाले. एक जीवनगौरव पुरस्कार आला. मार्गदर्शकांच्या पुरस्कारास दिलेले दादोजी कोंडदेव यांचे नाव पुढे वगळण्यात आले. आणि अलीकडे खेळाडूंची रक्कम १ लाखावरून ३ लाख व जीवनगौरवाची ३ लाखांवरून ५ लाख रुपये करण्यात आली. रकमेपेक्षाही एका सवलतीचा उल्लेख येथे करावासा वाटतो. शिवछत्रपती पुरस्काराच्या मानकऱ्यास राज्य परिवहनाच्या गाडीतून विनामूल्य प्रवास करता येतो. शहरातील माणसास ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु ज्या खेळाचे बहुसंख्य खेळाडू आजही एसटीच्या थांब्यापासून चालत घरी जातात, त्या खेळात सरकारी सनदेचा अर्थ गावाला जर कोठे दिसत असेल तर तो वाहकाने तिकीट न फाडता केलेल्या नमस्कारात दिसतो.

तथापि या दोन्ही शासकीय पुरस्कारांना ‘वर्षाचा श्रेष्ठ खेळाडू’ हे बिरुद तंतोतंत लागू पडत नाही. अर्जुन पुरस्कार मागील काही वर्षांची एकत्रित कामगिरी पाहून दिला जातो आणि तो आयुष्यात एकदाच मिळतो. शिवछत्रपती पुरस्कारासाठी खेळाडूने स्वतः अर्ज करावयाचा, त्यासोबत प्रमाणपत्रांचे दाखले जोडावयाचे, आणि स्पर्धेच्या दर्जानुसार ठरविलेल्या गुणांकनातून त्याची निवड व्हावयाची, अशी रीत आहे. गुणांकनाचा हेतू निर्मळ आहे, कारण त्यामुळे वशिल्यास आळा बसतो. परंतु पदकांच्या बेरजेत खेळाची प्रत कशी उतरावी? उपांत्य सामन्यात एकाकी झुंज देऊन हरलेल्या संघाचा कोपरारक्षक विजयी संघाच्या राखीव खेळाडूहून श्रेष्ठ असू शकतो, हे मैदानावरचे पोर सांगेल. कागदावर मात्र ते दिसत नाही. दुसरा दोष विलंबाचा. २०१९-२०, २०२०-२१ आणि २०२१-२२ या तीन वर्षांचे पुरस्कार २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात एकाच समारंभात देण्यात आले. महामारीची अडचण मान्य करूनही असे म्हणणे भाग आहे की, ज्या वर्षाचा मान त्या वर्षीच मिळाला नाही तो खेळाडूच्या कारकिर्दीस बळ देण्याऐवजी तिच्या स्मरणार्थ दिल्यासारखा होतो. आणि कबड्डीपटूची ऐन उमेदीची वर्षे सात-आठच असतात, हे समितीवरील मंडळींनी ध्यानी ठेवावयास हवे. २०२३-२४ चा जीवनगौरव शकुंतला खटावकर यांना जाहीर झाला, तेव्हा जुन्या जाणत्यांना झालेला आनंद निर्भेळ होता, कारण कबड्डीतील स्त्रियांच्या पहिल्या पिढ्यांचे ऋण त्यात थोडे तरी फिटले.

या ठिकाणी सातासमुद्रापलीकडील एका समानधर्मी खेळाकडे दृष्टी टाकणे उपयुक्त होईल. रग्बी लीग हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. परंतु धावत्या प्रतिस्पर्ध्यास अंगाखांद्याने धरून जमिनीवर आणणे हेच त्याचे मर्म असल्याने कबड्डीच्या माणसाला तो परका वाटू नये. त्याचा जन्मही श्रमिकांच्या प्रश्नातून झाला. उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या खेळाडूंची सामन्यापायी बुडणारी मजुरी भरून देण्यास मूळ रग्बी संघटनेने नकार दिला, तेव्हा तेथील क्लबांनी १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्ड येथील एका हॉटेलात बैठक घेऊन आपली निराळी संघटना काढली, आणि तिचेच पुढे रग्बी लीग झाले. लालबाग-परळच्या गिरणगावात ज्यांनी पाळी संपवून मैदान गाठले त्या आपल्या खेळाडूंची हीच अडचण होती. तिचे निराकरण आपल्याकडे निराळ्या मार्गाने झाले, म्हणजे रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र, देना बँक, राष्ट्रीय केमिकल्स अशा आस्थापनांनी खेळाडूंना नोकरीत घेऊन संघ उभे केले. रायगडच्या मुलांना चांगला खेळ म्हणजे कायमची नोकरी हे समीकरण त्यातूनच उमगले, आणि आजही आईबाप मुलाला मैदानावर जाऊ देतात ते या आशेवर.

त्या रग्बी लीगमध्ये वर्षाच्या श्रेष्ठ खेळाडूस इंग्लंडात ‘मॅन ऑफ स्टील’ हा किताब १९७७ पासून दिला जातो. त्याचा पहिला मानकरी लीड्सचा डेव्हिड वॉर्ड होता, आणि एलरी हॅन्ली याने तो तीन वेळा मिळविला. २०१३ साली कर्करोगाने निधन पावलेल्या स्टीव्ह प्रेस्कॉट या खेळाडूचे नाव पुढल्याच वर्षी या किताबास जोडण्यात आले. आजाराशी झगडत असता त्याने धर्मादाय कार्यासाठी निधी उभारण्याकरिता जे कष्ट उपसले, त्यांचा तो गौरव होय. ऑस्ट्रेलियात १९६८ पासून पंचांच्या मतांवर दिले जाणारे रॉथमन्स पदक होते, आणि १९८० पासून जुन्या काळचा विख्यात खेळाडू डॅली मेसेंजर याच्या नावे डॅली एम पुरस्कार सुरू झाला, ज्यात प्रत्येक सामन्यानंतर परीक्षक तीन, दोन व एक असे गुण देतात आणि हंगामाच्या अखेरीस त्यांची बेरीज होते. निर्णय कोणी करावा याविषयी त्यांनी किती मार्ग चोखाळून पाहिले हे लक्षात घेण्यासारखे आहे. कधी वृत्तपत्रकार, कधी पंच, कधी स्वतः खेळाडू, कधी निवृत्त खेळाडूंचे मंडळ. पैकी निर्दोष एकही ठरला नाही. परंतु पद्धती बदलल्या तरी नोंदीची परंपरा त्यांनी तुटू दिली नाही; १९७७ पासूनच्या प्रत्येक मानकऱ्याचे नाव तेथील शाळकरी मुलाला क्रमाने पाहता येते. आणि या वृत्तीचा सर्वांत विलक्षण दाखला आपल्याच देशातला आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ साली बंद करण्याची वेळ आली, तेव्हा सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ते वितळविले, त्यांचा चषक घडविला आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण केला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात त्या चषकासाठी आजही सामना होतो. क्लब बंद झाला, पण त्याचे नाव नोंदीतून गेले नाही.

महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने वर्षाचा मानकरी निवडण्याची प्रथा रुजली ती कबड्डी दिनामुळे. बुवा साळवी यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. तो दिवस राज्य कबड्डी असोसिएशन कबड्डी दिन म्हणून पाळते आणि त्या प्रसंगी वर्षातील उत्तम पुरुष व महिला खेळाडूंचा गौरव होतो, त्याचबरोबर जुने खेळाडू, पंच व कार्यकर्ते यांचाही सत्कार होतो. या समारंभास थाटमाट बेताचा असतो. परंतु निर्णय करणारे रात्रंदिवस मैदानावर वावरणारे लोक असल्यामुळे खेळाडूंच्या मनात त्याची किंमत मोठी आहे. त्यानंतर २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीने कबड्डीपटूस घराघरात नेले. तिच्या पहिल्या हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू यू मुंबाचा अनुप कुमार ठरला, दुसऱ्याचा मनजित छिल्लर. पुढे प्रदीप नरवाल, पवन सेहरावत, नवीन कुमार अशी चढाईपटूंचीच नावे बहुतांशी येत राहिली. गुणांच्या यांत्रिक बेरजेत पकडीचे मोल उणे पडते, हे आपल्या खेड्यांनी केव्हाच ओळखलेले सत्य येथे पुन्हा प्रत्ययास आले. तरीही दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने प्रथमच अजिंक्यपद मिळविले आणि त्या संघाचा कर्णधार, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार हा हंगामाचा श्रेष्ठ खेळाडू ठरला, तेव्हा मराठी मुलुखास झालेला हर्ष सकारण होता. त्याआधीच्या ऑक्टोबरात हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक परत मिळविणाऱ्या भारतीय संघातही तो होता. पुढल्या हंगामात हा मान इराणच्या मोहम्मदरझा शादलुई याच्याकडे गेला. पकडीत इतका निष्णात खेळाडू सर्वश्रेष्ठ ठरावा ही गोष्ट, मानकरी परदेशी असला तरी, आपल्या कोपरारक्षकांना आश्वासक वाटली पाहिजे.

स्त्री-खेळाडूंचा प्रश्न मात्र यात मागे पडला आहे. २०१२ साली पाटणा येथे झालेला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के या तिघी होत्या, आणि राज्य शासनाने प्रत्येकीस १ कोटी रुपये जाहीर केले. कबड्डीच्या इतिहासात एवढी रक्कम महाराष्ट्राने पूर्वी कधी दिली नव्हती. परंतु एकदा दिलेले मोठे इनाम आणि दरसाल नियमितपणे मिळणारा मान यांत अंतर आहे. पुरुषांच्या लीगने जसा हंगामाचा मानकरी घराघरात पोचविला, तसा मान मिळण्याचे स्थिर व्यासपीठ मुलींना अद्याप लाभलेले नाही. आपल्या स्थानिक पत्रिकांतही महिलांच्या गटात उत्कृष्ट चढाई व पकड ही बक्षिसे असली तरी त्यांची रक्कम बहुधा पुरुषांपेक्षा कमी असते. ही तफावत दूर करण्यास कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही. पुढील पत्रिका छापताना मंडळाच्या बैठकीत ठराव केला की काम झाले.

राहता राहिला नोंदीचा प्रश्न, आणि प्रस्तुत लेखकास सर्वांत कळकळीने सांगावयाचे आहे ते याविषयीच. गेल्या पन्नास वर्षांत पनवेल तालुक्याचे रूप पालटले. १९७० साली सिडको स्थापन झाली, खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे येथील शेते आणि मिठागरे नव्या शहरात गेली, विमानतळ उभा राहिला, आणि ज्या खाचरांवर पहाटेपर्यंत सामने चालत त्यांतील कित्येकांवर आज इमारती आहेत. खेळ टिकला, तो मॅटवर आणि क्रीडासंकुलांत गेला, नव्या पिढीची प्रगतीही होते आहे. परंतु त्या मैदानांवर कोण सर्वोत्कृष्ट ठरले, कोणाच्या पकडीस कोणत्या साली बक्षीस मिळाले, कोणास लोकांनी आपला हिरो मानले, याचे दप्तर कोठे आहे? इंग्लंडातील छोट्या गावाच्या क्लबात शतकापूर्वीच्या खेळाडूचे नाव भिंतीवर वाचावयास मिळते. १८५२ साली नगरपालिका मिळालेल्या, म्हणजे दप्तर ठेवण्याची सवय पावणेदोनशे वर्षांची असलेल्या आपल्या गावाला हे अशक्य नाही. मान देण्यात आपण कोणाहून मागे नव्हतो. दिलेला मान लिहून ठेवण्यात मात्र मागे राहिलो, आणि म्हणूनच आपल्या मुलांना परप्रांतीय मानकऱ्यांची नावे पाठ असतात व आपल्या शेजारच्या घरात राहणाऱ्या जुन्या स्पर्धावीराची त्यांना ओळख नसते.

यास्तव तालुक्यातील मंडळांच्या चालकांना विनंती अशी की, प्रत्येक मंडळाने एक जाड बांधणीची वही घालावी आणि तीत स्पर्धेचे ठिकाण, तारीख, विजयी संघ आणि चारही व्यक्तिगत बक्षिसांचे मानकरी, पुरुष व महिला दोन्ही गटांतील, पंचांच्या सहीनिशी त्याच रात्री लिहून ठेवावेत. ज्यांच्या घरी जुन्या पत्रिका, प्रमाणपत्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे किंवा मागे नाव कोरलेल्या ढाली पडून असतील, त्यांनी त्या टाकून न देता आपल्या मंडळाकडे त्यांची नक्कल द्यावी. आणि ज्या वृद्ध खेळाडूंना ती नावे अद्याप आठवतात, त्यांच्याकडे तरुणांनी या पावसाळ्यात, मैदाने बंद असताना, कागद-पेन्सिल घेऊन जावे.